पस्तीस दिवसांचा शेक

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की रेडिओथेरपी विभागात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "डॉक्टर, चार दिवस गावी जाऊन आले तर चालेल का? राहिलेले लाईट परत आल्यावर घेईन." विचारणारी बाई जालन्याची असते, धुळ्याची असते, कधी तळकोकणातली. घरी पोरं वाट बघत असतात, शेतात कापूस फुटलेला असतो, आणि इथे मुंबईत ती धर्मशाळेच्या एका खाटेवर महिनाभर दिवस मोजत असते.

रुग्णांच्या बोलीत रेडिएशनला 'लाईट' म्हणतात, नाहीतर 'शेक'. दुखऱ्या गुडघ्याला द्यावा तसा गाठीला शेक द्यायचा. मग चार शेक आज नाही, पुढच्या आठवड्यात घेतले तर बिघडलं कुठे?

बिघडतं. किती बिघडतं याचा आकडाही सांगता येतो. मात्र तो आकडा सापडायला साठेक वर्षं गेली, आणि त्याच्या वाटेवर मेंढे, शेंगांची मुळं, उंदीर, हॅम्स्टर आणि बाल्टिमोरच्या एका गरीब स्त्रीच्या पेशी आहेत. रेडिओथेरपी म्हटलं की लोकांना यंत्र आठवतं: कोट्यवधींचं, खोलीएवढं, गरगर फिरणारं. पण रुग्णाच्या वाट्याला खरं येतं ते वेळापत्रक. किती दिवस यायचं, रोज किती डोस, आठवड्यातून किती वेळा. हे वेळापत्रक प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्राने लिहिलं, आणि त्याची कथा यंत्रांच्या कथेइतकी सांगितली जात नाही.

आधी 'शेक' या शब्दाचा हिशेब करू. रेडिएशनचा डोस 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. संपूर्ण शरीराला एकदम 4 ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसं दगावतात. एवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान किती वाढतं? एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकं. चहाच्या एका घोटाने याहून जास्त ऊब मिळते. तेव्हा हा शेक नव्हेच. मार बसतो तो पेशीच्या केंद्रातल्या डीएनएला. त्याचे दोन्ही पेड तुटले आणि ते नीट सांधले गेले नाहीत, की पेशी पुढच्या एक-दोन विभाजनांत मरते. सगळा खेळ तुटण्याचा, सांधण्याचा आणि मधल्या वेळेचा.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात रूढ डोस 70 ग्रे. रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण पस्तीस वेळा. सात आठवडे. हे पस्तीस आले कुठून?

त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. 1920 च्या दशकात जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांचा भर एकाच बैठकीत मोठा डोस देऊन काम संपवण्यावर होता. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो वेगळ्या वाटेने चालले होते. त्या काळचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत आजही सांगितला जातो. मेंढ्याच्या वृषणांवर एकाच वेळी किरण टाकून त्याला निर्बीज करायला गेलं तर वरची त्वचा जळून जाई. तोच डोस रोज थोडा थोडा करून काही आठवड्यांत दिला, तर मेंढा निर्बीज होई आणि त्वचाही वाचे. रेगोंचा तर्क असा, की वृषणातल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणजे त्या वाढत्या गाठीसारख्या. आणि त्वचा म्हणजे आपल्याला जपायची आहे ती शेजारची निरोगी ऊती. त्यांचे सहकारी आँरी कुतार यांनी हेच स्वरयंत्राच्या कर्करोगावर करून पाहिलं. बरे झालेले रुग्ण त्यांनी 1922 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले, आणि हप्त्याहप्त्याने रेडिएशन देण्याची रीत हळूहळू जगभर पसरली.

यातली गंमत अशी, की वृषण हा गाठीचा फारसा चांगला नमुना नाही. गणिताची मांडणी लंगडी होती, उत्तर तेवढं बरोबर आलं. वैद्यकात असं होतं. पण उत्तर का बरोबर आलं हे कळेपर्यंत ते सुधारता येत नाही.

ते 'का' कळायला 1956 साल उजाडलं. अमेरिकेत डेन्व्हरला थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी काचेच्या बशीत माणसाच्या सुट्या पेशी वाढवल्या, त्यांवर क्ष-किरण टाकले आणि किती पेशींपासून नव्या वसाहती उगवतात ते मोजलं. सस्तन प्राण्याच्या पेशींसाठी डोस आणि मृत्यू यांचा नेमका आलेख असा पहिल्यांदाच निघाला. त्या पेशी 'हेला' होत्या. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता काढून घेतलेल्या. तिच्यावर रेडियमचेच उपचार झाले. त्यांचा उपयोग झाला नाही, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. रेडिएशनने पेशी कशी मरते, हे जगाला शिकवलं ते रेडिएशनला न बधलेल्या तिच्या गाठीनेच.

त्या आलेखाला सुरुवातीला एक 'खांदा' होता. थोड्या डोसात पेशी फारशा मरत नाहीत, मग एकदम घसरण सुरू होते. तीन वर्षांनी मॉर्टिमर एल्काइंड यांनी चिनी हॅम्स्टरच्या पेशींवर डोसाचे दोन भाग केले, मध्ये काही तास सोडले, आणि तो खांदा पुन्हा उगवला. मधल्या वेळात पेशींनी तुटफूट सांधून घेतली होती. आज एकाच दिवशी दोन वेळा रेडिएशन द्यायचं असेल तर मध्ये किमान सहा तास ठेवतात. हा नियम त्या बशांमधून आलेला आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे जाणारा रस्ता मात्र नेहमी असा सरळ नसतो. तो कसा फसतो, हे पाहायचं तर ऑक्सिजनची गोष्ट सांगावी लागते.

लुइस हॅरल्ड ग्रे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत घडलेले. अणूंचं काम सोडून ते लंडनजवळच्या माउंट व्हर्नन हॉस्पिटलमध्ये रुग्णांसाठी किरण मोजायला गेले. पुढे तिथेच त्यांनी किरणजीवशास्त्राचं केंद्र उभं केलं. वर ज्या एककाचा हिशेब केला, त्याला 1975 मध्ये त्यांचंच नाव मिळालं. ते स्वतः दहा वर्षं आधीच गेले होते. ग्रे आणि सहकारी ब्रॉड बीन या वालासारख्या शेंगेच्या कोवळ्या मुळांवर काम करत. स्वस्त, भराभर वाढणारी, फूटपट्टीने मोजता येणारी मुळं. प्राणवायू काढून घेतला तर तीच इजा करायला जवळजवळ तिप्पट डोस लागतो, हे अशा प्रयोगांतून पक्कं झालं. 1953 मध्ये त्यांनी त्याचा थेट अर्थ मांडला: कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी असेल, तर तिथल्या पेशी किरणांना दाद देणार नाहीत.

दोन वर्षांनी ग्रे आणि थॉमलिन्सन यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. गाठीतल्या पेशींचे दोर दिसत. बारीक दोर पूर्ण जिवंत, जाड दोरांच्या मध्यभागी मेलेल्या पेशी. सीमा कुठे? दोराच्या कडेपासून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बाजूपासून, साधारण 150 ते 180 मायक्रॉनवर, दोन-तीन केसांच्या जाडीइतक्या अंतरावर. रक्तातून पाझरणारा ऑक्सिजन तिथवर पोचता पोचता संपतो. जिवंत आणि मेलेल्याच्या काठावर अर्धवट गुदमरलेल्या पेशी असतात, आणि त्याच किरणांतून वाचतात. काप, मोजपट्टी आणि थोडं गणित यांतून निघालेला हा शोध आजही वाचताना चकित करतो.

आता ऑक्सिजन पुरवला की झालं, असं वाटणं साहजिक होतं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात रुग्णांना तीन वातावरणांच्या दाबाच्या ऑक्सिजन टाकीत निजवून रेडिएशन देऊन पाहिलं. काही कर्करोगांत फायदा दिसला, पण टाकीत माणूस, बाहेर यंत्र, आत गुदमरण्याची भीती. रोज शंभर रुग्ण असलेल्या विभागात हे कसं चालणार? मग ऑक्सिजनची नक्कल करणारी औषधं आली. उंदरांमध्ये मिसोनिडाझोलने कमाल केली. माणसांत पुरेसा डोस द्यायला जावं तर हातापायांच्या नसा बधिर व्हायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकामागून एक चाचण्या झाल्या, बहुतेक निष्फळ.

चूक कुठे झाली? उंदराच्या मांडीत लावलेली गाठ, तिला एकदाच दिलेला मोठा डोस आणि एकदाच टोचलेलं औषध, हा प्रयोगशाळेचा सोयीचा नमुना. प्रत्यक्षात रुग्ण साठ वर्षांचा असतो, तंबाखूने त्याची फुप्फुसं पोखरलेली असतात, आणि डोस पस्तीस तुकड्यांत जातो. या पस्तीस तुकड्यांच्या मधल्या वेळांत बाहेरच्या पेशी मरतात, आतल्या पेशींना पुन्हा ऑक्सिजन मिळू लागतो. म्हणजे औषधाला जे करायचं होतं, त्यातलं बरंचसं काम वेळापत्रकानेच केलेलं असतं.

एक अपवाद डेन्मार्कचा. येन्स ओव्हरगार्ड यांच्या गटाने निमोराझोल हे त्याच कुळातलं सौम्य, जुनं, स्वस्त औषध 422 रुग्णांवर तपासलं. पाच वर्षांनी घशातला रोग आटोक्यात राहिलेले रुग्ण 33 टक्क्यांवरून 49 टक्क्यांवर गेले. डेन्मार्कमध्ये ते नेहमीच्या उपचारात आलं. बाकीच्या जगाने मात्र ते उचललं नाही, आणि अलीकडे ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसलाही नाही. जुन्या गोळीवर पेटंट नाही, आणि पेटंट नसलेल्या गोळीसाठी देशोदेशी पुन्हा चाचणी करायला पैसे घालतो कोण?

आता त्या दिवाळीच्या सुट्टीकडे येऊ.

1988 मध्ये विदर्स, टेलर आणि पोलंडचे मात्सेयेव्स्की यांनी घशाच्या कर्करोगाच्या सुमारे 500 रुग्णांची जुनी आकडेवारी एकत्र मांडली. उपचार जितका लांबला तितका डोस जास्त लागला होता. पण ही चढण पहिल्या दिवसापासून नव्हती. साधारण चार आठवड्यांपर्यंत सपाट, मग एकदम चढ. अर्थ असा, की पहिले काही आठवडे मार खाल्ल्यावर उरलेल्या पेशी खडबडून जाग्या होतात आणि नेहमीपेक्षा वेगाने वाढू लागतात. त्यांची वाढ नुसती थोपवायला रोज सुमारे 0.6 ग्रे खर्ची पडतात. म्हणजे पाचव्या आठवड्यापासून रोजच्या 2 ग्रेंपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जुन्या कर्जाच्या व्याजातच जातो. आणि ज्या दिवशी रुग्ण येत नाही, त्या दिवशी व्याज चालूच असतं. तोंड-घशाच्या कर्करोगात खंडाच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता एक ते दीड टक्क्याने घटते, असा अनेक अभ्यासांचा अंदाज आहे. चार दिवस म्हणजे चार ते सहा टक्के. एखादं नवं औषध एवढा फरक पाडतं तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी येते.

निदान झालं, मग उपायही निघाला, आणि तो विलक्षण साधा. डोस तोच, तुकडे तेवढेच, फक्त आठवड्याला पाचाऐवजी सहा. डेन्मार्कमध्ये 1,485 रुग्णांवर हे तपासलं. पाच वर्षांनी रोग आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण 60 वरून 70 टक्क्यांवर आलं. आपल्यासारख्या देशांत हे चालेल का, असा रास्त प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या 908 रुग्णांवर तीच चाचणी केली आणि 2010 मध्ये निकाल जाहीर केला: 30 टक्क्यांवरून 42 टक्के. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. शनिवारी एक बैठक, किंवा एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन.

ब्रिटनमध्ये डिश आणि साँडर्स यांनी याहून टोक गाठलं. फुप्फुसाच्या कर्करोगात दिवसातून तीनदा, सलग बारा दिवस, शनिवार-रविवार धरून. दोन वर्षं जगलेल्या रुग्णांचं प्रमाण 20 वरून 29 टक्क्यांवर गेलं. तरीही ही पद्धत थोड्याच रुग्णालयांत रुजली. कारण जीवशास्त्रात सापडणार नाही, ते हजेरीपटात सापडतं: रविवारी यंत्रावर कोण बसणार?

इथे या सगळ्या विषयातली खरी गोम आहे. किरणजीवशास्त्राने रुग्णांना दिलेली सर्वांत मोठी देणगी कॅलेंडरच्या रूपात आली, आणि कॅलेंडर विकायला कुणी विक्रेता येत नाही. नव्या यंत्राची कंपनी परिषदेत दालन थाटते, डॉक्टरांना पुस्तिका देते. शनिवारच्या सहाव्या बैठकीचं दालन कुणी थाटत नाही.

कॅलेंडर जसं घट्ट करता येतं, तसं आखूडही करता येतं. पण त्यासाठी आधी एक भयंकर धडा शिकावा लागला. मागच्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये काही ठिकाणी स्तनाच्या कर्करोगावर मोठ्या तुकड्यांत रेडिएशन दिलं गेलं. त्वचा ठीक दिसायची, उपचार ठीक झाला असं वाटायचं. काही वर्षांनी त्यांतल्या काही बायकांचे हात लुळे पडू लागले. काखेतून जाणाऱ्या नसा आतल्या आत आवळल्या गेल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या स्त्रियांनी 'रेज' नावाची संघटना उभी केली आणि उत्तरं मागितली. जीवशास्त्राकडे उत्तर होतं: त्वचेसारख्या लगेच प्रतिसाद देणाऱ्या ऊतींपेक्षा नसा, फुप्फुस, मेंदू यांसारख्या उशिरा प्रतिसाद देणाऱ्या ऊती तुकड्याच्या आकाराला फार संवेदनशील असतात. एका तुकड्याचा डोस वाढवला तर एकूण डोस पुरेसा कमी करावाच लागतो. किती, ते 'अल्फा-बीटा' नावाच्या गुणोत्तरावरून ठरतं.

बहुतेक गाठींचं हे गुणोत्तर मोठं असतं, म्हणून छोटे तुकडे बरे. स्तनाच्या कर्करोगाचं मात्र लहान निघालं, जवळजवळ शेजारच्या निरोगी ऊतींएवढंच. मग पंचवीस दिवस रोज छोटा डोस देऊन मिळवायचं काय? जॉन यार्नल्ड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'स्टार्ट' चाचण्यांनी पाच आठवड्यांचे तीन केले: 15 तुकडे, 40 ग्रे. पाठोपाठ 'फास्ट-फॉरवर्ड'ने 4,096 रुग्णांत थेट पाच तुकड्यांत 26 ग्रे देऊन पाहिले. निकाल एप्रिल 2020 मध्ये आला. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण तीन आठवडेवाल्यांत 2.1 टक्के, एक आठवडावाल्यांत 1.4 टक्के. तेव्हा कोविडने रुग्णालयं बंद पडत होती. ब्रिटनने ही पद्धत काही आठवड्यांतच स्वीकारली. चांगलं संशोधन अमलात यायला कधी कधी साथही लागते, हे काही भूषणावह नाही.

आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात, बऱ्याच जणींचा पूर्ण स्तन काढावा लागतो, काखेतल्या गाठींवरही रेडिएशन द्यावं लागतं. म्हणून परदेशी निकाल तसाच उचलून चालत नाही. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने 'हायपोर्ट-ॲडज्युव्हंट' या चाचणीत हीच एक आठवड्याची पद्धत भारतीय रुग्णांवर तपासायला घेतली, ती म्हणूनच महत्त्वाची. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारे कितीतरी जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. पाच आठवड्यांचं एक आठवडा झालं, तर तीच खाट महिन्यात एकाऐवजी चौघींना मिळते. सोबत आलेल्या नवऱ्याची महिन्याची मजुरी वाचते. अल्फा-बीटाचा अर्थ असा खाटेपर्यंत पोचतो.

टाटा मेमोरियलचं नावच या विषयाशी जोडलेलं आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परदेशी रेडियमने होणारे उपचार मुंबईत मिळावेत ही त्यांचे पती दोराबजी यांची इच्छा, आणि त्यातून 1941 मध्ये हे रुग्णालय उभं राहिलं. प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णापर्यंत आणण्याचं अलीकडचं एक ठळक उदाहरणही इथलंच.

तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगात रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. पण ते मूत्रपिंडांना आणि कानांना झेपावं लागतं. ज्यांना झेपत नाही त्यांचं काय? महागडी इंजेक्शनं आहेत, सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची. मुंबईच्या डॉक्टरांनी डोसेटॅक्सेलकडे पाहिलं. जुनं, जेनेरिक, कुठल्याही कर्करोग केंद्रात मिळणारं. त्यामागचं जीवशास्त्र मात्र साठ वर्षांपूर्वीचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तेरासिमा आणि टोलमाख यांनी दाखवलं होतं, की विभाजनाच्या ऐन घडीला पेशी किरणांपुढे सर्वांत दुबळी असते. डोसेटॅक्सेल पेशीला नेमकं तिथेच अडकवतं. दार उघडं असताना चौकटीत पाय घालून ठेवावा, तसं. 356 रुग्णांच्या चाचणीत आठवड्याला अगदी थोडा डोस दिला. दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेले 30.3 टक्क्यांवरून 42 टक्के झाले, जिवंत असलेले 41.7 वरून 50.8 टक्के. त्याची किंमतही रुग्णांनी मोजली: तोंड सोलून निघण्याचा गंभीर त्रास 22 टक्क्यांऐवजी जवळजवळ 50 टक्के जणांना झाला. हे लपवून चालणार नाही. तरीही 2023 च्या सुरुवातीला छापून आलेला हा निबंध परळहून जगाकडे गेला, एरवीच्या उलट दिशेने.

सध्या सर्वांत जास्त बोलबाला आहे तो 'फ्लॅश'चा. सगळा डोस सेकंदाच्या अंशात दिला तर गाठ मरते पण निरोगी ऊतींना कमी इजा होते, असं 2014 मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांत दाखवलं. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला पहिल्या रुग्णाच्या त्वचेवरच्या गाठीला 15 ग्रे दिले, 90 मिलिसेकंदांत. अतिवेगवान डोसाने पेशीतला ऑक्सिजनच संपतो, याचा सुगावा ड्यूई आणि बोग यांना जिवाणूंमध्ये 1959 सालीच लागला होता. ती नोंद पन्नासहून अधिक वर्षं ग्रंथालयात पडून राहिली. आता तिच्यासाठी नवी यंत्रं लागणार, म्हणजे विक्रेते येणारच. ही कल्पना मागे पडायची भीती नाही. भीती आहे ती घाई होण्याची, कारण नसा आवळल्या गेल्याचं उंदीर सांगत नाही आणि माणसात ते कळायला वर्षं जातात.

तोवर या दिवाळीपुरती एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाचं तोंड, घसा किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन सुरू असेल, तर सुट्टीत ते तुटू देऊ नका. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांचा उपचार ठरल्या मुदतीपेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये असं सांगतात. विभागालाच सुट्टी असेल तर विचारा, की बुडालेला लाईट शनिवारी देणार की एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन देणार. हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. फराळाचा डबा धर्मशाळेतही पोचवता येतो.